एकास त्रेचाळीस

लास्लो वेरेशच्या दारात मी अकरा वर्षं टपाल टाकते.
साउथ बेंड, इंडियाना. फळ्यांचं घर, पायरीवर फेकलेलं मीठ,
आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक खोकं,
चपलांच्या खोक्याहून लहान,
हलवलं तर आत काही वाजत नाही असं.
"वाजलं तर देऊ नकोस," तो म्हणतो,
"काहीतरी निखळलेलं असणार."

थंडी फार असली की मार्गित मला आत घेते.
काचेच्या कपाटात हडसन, पॅकार्ड, नॅश,
कायझर, डिसोटो, शेपटीला कल्ले फुटलेल्या,
दातांत क्रोम चमकवणाऱ्या.
फोर्ड नाही. शेवरले तर नाहीच नाही.
"ज्यांचं दुकान अजून चालू आहे
त्यांना माझी कसली गरज?"

मार्गित गालाला लाली लावायच्या जुन्या ब्रशनं
त्यांच्यावरची धूळ काढते.
एखाद्या पांढऱ्या टपावर
मग दिवसभर किंचित गुलाबी राहतं.

छप्पन्नला तो हंगेरीतून आला एका कोटानिशी.
सात वर्षं स्टुडबेकरच्या पट्ट्यावर उभा राहिला.
त्रेसष्टच्या डिसेंबरात, नाताळ तोंडावर असताना, पट्टा थांबला.
त्यानंतर तीस वर्षं शाळेच्या फरश्या पुसल्या.
त्याचं छोटं मॉडेल कुणी काढत नाही.

"एकास त्रेचाळीस," तो मला समजावतो,
"म्हणजे तू अंगठ्याच्या दोन पेरांएवढी.
तुझी टपालाची पिशवी एका वाटाण्याची.
बाहेरचं बर्फ, समज, चिमूटभर पीठ."
आणि काळ? मी उगाच विचारलं.
त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं: दोन हजार सहा.
बोटांवर काहीतरी मोजलं.
"त्या मापानं," म्हणाला,
"कारखाना बंद पडून
एकच वर्ष झालं."

नोव्हेंबरात लार्क आली. फिकट हिरवी, चार दारांची.
मीच आणून दिली; वाजली नव्हती.
पण डाव्या पुढच्या दाराला मूठ नव्हती,
साच्यातच राहून गेली होती.
परत पाठवायची का, मी म्हटलं, फॉर्म आहे माझ्याकडे.
त्यानं गाडी तळहातावर धरली,
घरट्यातून पडलेलं काही धरावं तशी,
आणि मान हलवली.

पट्ट्यावर एका मुठीला बावन्न सेकंद लागत.
दोन स्क्रू, एक हिसका, पुढची गाडी.
या मुठीला तीन रात्री लागल्या.
चिमटा, भिंग, थरथरणारं मनगट
डाव्या हातानं टेबलावर दाबून धरलेलं.
पहिली मूठ गालिच्यात हरवली.
दुसरी तिरकी बसली, त्यानं उपटली,
रंगाचा टवका निघाला, तो भरायला आणखी एक दिवस.

मी पाहिली. मूठ होती.
भुवईच्या एका केसाएवढी.
"दार उघडतं?"
"नाही. सगळी एकसंध ओतलेली आहे."
"मग मूठ लावून उपयोग काय?"

तो रागावला नाही. माझ्याकडे बघितलं
नव्या पोराकडे फोरमन बघतो तसं.
"दारं ऑर्व्हिलकडे होती," म्हणाला.
"माझ्याकडे मूठ."

निघताना मार्गित पायरीपर्यंत आली, खांद्यावर शाल.
शिवणाच्या डब्यातली एक टाचणी गेलीय, म्हणाली,
डोक्यासकट नाही, डोकं तेवढं तिथेच पडलंय,
निळा मणी.
तिनं त्याला विचारलेलं नाही.
स्वयंपाकघराच्या पडद्याची एक चूण
तेव्हापासून सुटी आहे, वारा आला की उघडते,
आणि ती तशीच राहू देते.